चातुर्मासात सोडलेली गोळी

आषाढी एकादशीच्या सकाळी आई देवापुढे पाणी सोडून एखादी गोष्ट चार महिन्यांसाठी वर्ज्य करी. कोणती, ते कोणाला सांगत नसे. सांगितलं की नेमाचं बळ जातं, असं तिच्या सासूचं मत होतं. पोलिस ॲक्शन झाली त्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, आई सिल्लोडकडच्या एका शेतकरी घरातून लग्न होऊन शहरात आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सासू वारली, मत मात्र घरात राहिलं. त्यामुळे आईनं यंदा काय सोडलं हे बाकीच्यांनी तिच्या ताटावरून ओळखायचं, अशी रीत पडली.

बहुतेक वर्षी ते पहिल्या जेवणातच कळे. वांगी सोडली त्या वर्षी कळलं, चिंच सोडली त्या वर्षी आमटीवरून कळलं. चहा सोडला त्या वर्षी ताट बघायचीही गरज पडली नाही. चार महिने सगळं घर जपून बोलत होतं. एका वर्षी तिनं पायताण सोडलं आणि भर पावसाळ्यात गुलमंडीवर अनवाणी भाजी आणायला जाऊ लागली. एका वर्षी जेवताना बोलणं सोडलं. ते चार महिने वडील फार समाधानात होते आणि कार्तिकी जवळ आली तसे उदास दिसू लागले.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी वडील नव्हते. आईनं साठी ओलांडली होती. शहराचं नाव अजून बदललेलं नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्यांच्या वार्ताहरांकडून आलेल्या मजकुरातून खरं किती आणि वार्ताहराची हौस किती, हे वेगळं करणं हे माझं रोजचं काम होतं. त्या एकादशीनंतर तीच पद्धत घरी वापरायची वेळ आली, कारण या खेपेला आईच्या ताटावरून काहीच कळेना.

तिनं वांग्याची भाजी खाल्ली. चहा घेतला, तोही दोनदा. कांदा, लसूण, चिंच, गूळ, दही यांतलं काहीही टळलं नाही. ती खुर्चीवर बसली, चपला घालून बाहेर गेली आणि जेवताना नेहमीइतकं बोलली. माझ्या बायकोनं मुद्दाम एकेक पदार्थ पुढे करून पाहिला. कारलं केलं, ते खाल्लं. पपई आणली, ती खाल्ली. फणसाची भाजी आईला कधीच आवडली नव्हती, तीही तिनं शांतपणे संपवली आणि म्हणाली, “तपासणी झाली का? आता उद्या नीट स्वैपाक कर.”

बायकोचं म्हणणं पडलं की यंदा आईंनी नेमच धरलेला नाही, वयानुसार सुटला असेल. मला ते पटलं नाही. एकादशीच्या सकाळी मी तिला पळीनं ताम्हनात पाणी सोडताना पाहिलं होतं. घटना घडली होती. फक्त तपशील हाती नव्हता.

इथं एक वर्ष मागं जाणं भाग आहे. आदल्या वर्षी आईला जिना चढताना छातीत दाब येऊ लागला. पहिल्या मजल्यावर पोचली की कठडा धरून उभी राही आणि विचारलं तर सांगे की खाली कोण आलंय ते बघतेय. शेवटी शहागंजातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते मुसलमान होते, आमच्या घराण्यापेक्षा जुने त्या शहरातले, आणि पेशंटशी मराठी, उर्दू आणि या दोन्हींमधली जी काही भाषा तिथं बोलली जाते, ती बोलत. तपासणीअंती त्यांनी रक्तदाब जास्त आहे असं सांगितलं. श्रम झाले की हृदयाला रक्त कमी पडतं, म्हणून छाती दुखते, असंही सांगितलं. त्यांनी दोन औषधं लिहून दिली. एक जिभेखाली ठेवायची गोळी, फक्त छातीत कळ आली तर, खाली बसून घ्यायची. दुसरी रोज सकाळी घ्यायची लहान पांढरी गोळी. तिच्या वर्गाला बीटा-ब्लॉकर म्हणतात. ती हृदयाचा वेग कमी करते, रक्तदाब उतरवते आणि हृदयावरचं काम हलकं करते.

पांढऱ्या गोळीनं फरक पडला. आई जिना न थांबता चढू लागली, आणि खाली कोण आलंय यातला तिचा रस संपला. हात-पाय थोडे थंड पडत. हा त्या गोळीचा परिणाम असू शकतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आई त्याचा दोष चिकलठाण्याकडून येणाऱ्या वाऱ्याला देत असे. गोळ्या मी दोन-दोन महिन्यांच्या आणून ठेवत असे. घ्यायचं काम तिचं होतं. त्यात आम्ही लक्ष घालत नसू, कारण ती कधी चुकत नसे.

चातुर्मास लागून आठवडा होत आला तेव्हा आईचं काहीतरी बिनसल्याचं बायकोच्या लक्षात आलं. आधीचे दिवस अगदी ठीक गेले होते. मग छातीत धडधड होतेय अशी तक्रार आली, डोकं दुखू लागलं, बसल्या बसल्या घाम येऊ लागला. एका दुपारी खालून पाण्याची कळशी घेऊन येताना ती पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिली. बायकोनं वरून विचारलं, काय झालं. आई म्हणाली, “खाली कोण आलंय बघतीय.”

बायकोनं मला कचेरीत फोन केला. मी मजकूर दुसऱ्याच्या टेबलावर टाकून निघालो.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, कागदाच्या पट्टीवर हृदयाचा आलेख काढला आणि तो उजेडाकडे धरून बघितला. झटका नव्हता, पण नाडी पळत होती आणि दाब आदल्या वर्षीच्याही वर गेला होता. त्यांनी विचारलं, पांढरी गोळी चालू आहे ना. आई कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलत नसे. तिच्या बाजूनं एवढं नमूद केलं पाहिजे.

“चालू नाय,” ती म्हणाली. “सोडली.”

“कोणी सांगितलं, अम्माजी?”

“कुणी सांगत नसतंय. सोडायची असती.”

अशा रीतीनं त्या वर्षीचा नेम उघड झाला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही फणसापर्यंत पोचलो होतो; औषधाच्या कपाटापर्यंत आमचा तपास गेला नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि हीच का सोडली, एवढं विचारलं. आईनं जे उत्तर दिलं ते विचार करून ठेवलेलं दिसलं. ती म्हणाली, “आवडीचं सोडायचं असतंय. आता मला खाण्यापिण्याचं कशाचंच अप्रूप राहिलं नाय. पण सकाळी डोळा उघडला की देवाच्या आधी ती गोळी आठवती. हे बरं नाय. म्हणून ती सोडली.”

डॉक्टरांनी मग प्रकृतीची बाजू सांगितली. ही गोळी म्हणजे टांग्याच्या घोड्याचा लगाम आहे. वर्षभर घोडा आवळून चालवला आणि एके दिवशी लगाम एकदम फेकून दिला, तर घोडा पहिल्यासारखा चालत नाही, पहिल्यापेक्षा जोरात उधळतो.

“बैल म्हणा,” आई म्हणाली. “घोडं आमच्यात नव्हतं.”

“बैल म्हणतो. उतारावरचा बैल.”

हे तिला समजलं. ती मान हलवत ऐकत राहिली. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवला की छातीतली कळ परत येते, दाब चढतो, झटकाही येऊ शकतो. बंद करायचंच झालं तर डॉक्टर ते ठरवतो, आणि थोडं थोडं कमी करत, लक्ष ठेवून बंद करतो. पहिले काही दिवस काही झालं नाही, याचा अर्थ गोळीची गरज नव्हती असा होत नाही. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घ्यायची तयारी दाखवली आणि गोळी तिथंच सुरू करूया म्हणाले.

आईनं दोन्हीला नकार दिला. पाणी सोडलेलं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या धर्मातला दाखला दिला. आमच्यात आजारी माणसाला रोज्याची सूट असते, ते म्हणाले. माझी अम्मीसुद्धा औषधासाठी रोजा सोडायची आणि त्याची भरपाई दुसऱ्या मार्गानं करायची. आईनं हे आदरानं ऐकून घेतलं.

“तुमच्यात सूट देणारं पुस्तक हाय,” ती म्हणाली. “आमच्यात सासू होती.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला बाकावर निजवून ठेवलं. रात्रीपुरतं दुसरं औषध दिलं, कारण नेम त्या औषधाचा नव्हता आणि आईनं ते विनातक्रार घेतलं. पण याच्यानं रात्र निघेल, काम होणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. छातीत कळ आली तर जिभेखालची गोळी, आणि तेवढ्यानं लवकर थांबली नाही तर कुणाला न विचारता थेट मोठ्या दवाखान्यात. उद्या पांढरी गोळी पोटात गेलीच पाहिजे. कशी, ते तुम्ही घरी ठरवा.

घरी मी एक युक्ती मांडली. नेम पांढऱ्या गोळीचा आहे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं गुलाबी रंगात मिळतं. आई पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, “उद्या वांग्याला भोपळा म्हणशील. पेपरात असंच करता का रे तुम्ही?” मी विषय थांबवला. बायकोच्या मनात गोळी कुटून वरणात घालायचं आलं होतं. पण अशी औषधं चोरून द्यायची नसतात, आणि दाब उतरला किंवा नाडी मंदावली तर कशानं ते घेणाऱ्यालाच ठाऊक नसणार. शिवाय आईच्या नाकाखालून वरण फसवून नेणं आजवर कोणालाही जमलेलं नव्हतं.

यापुढे प्रकरण तिथंच अडलं असतं. ते हललं एका प्रश्नामुळं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी तो सहज विचारल्यासारखा विचारला होता. त्यांचे निम्मे पेशंट हिंदू होते आणि चातुर्मासाचे नियम त्यांना तोंडपाठ होते.

“अम्माजी, सोडलेली चीज उद्यापनाला दान देतात ना?”

“व्हय. वांगं सोडलं तर वांगी देतो. चहा सोडला तव्हा चहापत्ती अन् साखर दिली.”

“मग या गोळ्या देणार?”

“डब्यात साठवतीय की. रोजची एक. कार्तिकीला आमच्या गुरुजींना देणार.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. गुरुजी त्यांच्याकडे जात की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की गुरुजींना दमा आहे का. हे विचारण्यासारखं नव्हतंच. आमच्या गुरुजींचा दमा साऱ्या गल्लीला माहीत होता. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात ते उपरण्यातून फवाऱ्याचं औषध काढत, दोनदा तोंडात मारत, आणि यजमान तोवर हात जोडून बसत. काही नव्या यजमानांना तो विधीचाच भाग वाटे.

“दमेकऱ्याला ही गोळी देऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “छाती आवळून धरते. श्वास अडकतो. दानात माणूस जाईल.”

रात्री गुलाबी गोळीचा निकाल लावून झाल्यावर आईनं तो डबा उशाशी मागून घेतला. मग म्हणाली की सकाळी गुरुजींना बोलवा.

सकाळी गुरुजी आले. आई गादीवर उशीला टेकून बसली होती. रात्रीतून तिला एकदा कळ आली होती आणि जिभेखालच्या गोळीनं थांबली होती. चेहरा उतरला होता. तिनं स्टीलचा लहान डबा पुढे ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या बाजूनं काहीही न वगळता. डब्यात कार्तिकीला आपल्यासाठी काय साठवलं जात होतं हे कळल्यावर गुरुजींनी पाट थोडा मागं सरकवला.

“मला ही चालत नाही का?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, डॉक्टरांच्या मते अजिबात नाही.

गुरुजींनी उपरणं चाचपून आपलं औषध जागेवर असल्याची खात्री करून घेतली. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ते शास्त्र आठवत आहेत. पुढे त्यांनीच सांगितलं की आधीच्या वर्षांत आपण या घरातून काय काय खाऊन गेलो, ते ते आठवत होते.

आईचा प्रश्न सरळ होता. तुम्हाला चालत नाही तर दुसरा कोणी ब्राह्मण बघावा का?

“दमा नसलेला,” गुरुजी म्हणाले. “पण एखाद्याची नाडीच मुळात मंद असेल तर?” हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. त्यालाही चालत नाही, मी म्हणालो; ही कोणाकोणाला चालत नाही ते डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. “साखरेची इंजेक्शनं घेणारा?” त्याला जपून, साखर उतरली की छाती धडधडते, ती खूण या गोळीनं झाकली जाते. “आणि धडधाकट?” धडधाकट माणसानं दुसऱ्याच्या दाबाची गोळी घेतली तर त्याला उभं राहता राहता घेरी येईल. डॉक्टरांनी ज्याला तपासून लिहून दिलेली नाही, त्यानं ही घ्यायचीच नाही.

“म्हणजे ज्याला लिहून दिली त्यानंच घ्यायची,” गुरुजी म्हणाले.

“हो.”

ते आईकडे वळले. “कोणाला लिहून दिलीय?”

“मला,” आई म्हणाली.

“मग या दानाला पात्र माणूस सगळ्या शहरात एकच आहे. घ्या.”

त्यांनी डबा एका बोटानं तिच्याकडे सरकवला. हाताळायला ते अजून तयार नव्हते.

आईनं हे मनात फिरवून पाहिलं. सासूच्या कोणत्या नियमात बसतं, हे ती शोधत असावी. “पण उद्यापन कार्तिकीला असतंय,” ती म्हणाली.

“दान ज्याला द्यायचं त्याच्या जिवावर बेतलं असेल तर मुहूर्त बघत नाहीत,” गुरुजी म्हणाले. “ज्या वस्तूचं उद्यापनच होत नाही, तिचा नेम लागत नाही. हे मी सांगतोय. पाप असेल तर माझ्या नावावर.” आणि या वाक्याच्या शेवटी त्यांना दम लागला, म्हणून त्यांनी औषध दोनदा तोंडात मारलं. आईनं ते संपेपर्यंत हात जोडले.

तिला तिथंच पटलं. कोणत्या मुद्द्यानं, हे तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोच्या मते तिला गुरुजींच्या छातीतली ती शिट्टी ऐकून पटलं.

पण पटल्यानंतरही प्रसंग संपला नाही. बायको पाणी आणायला गेली आणि परत येईपर्यंत आईनं डबा उघडून सगळ्या गोळ्या ओंजळीत घेतल्या होत्या. एकादशीपासून जेवढ्या राहिल्या, तेवढ्या आज भरून काढायच्या, असा तिचा हिशेब होता. उपासाचं पारणं तिला ठाऊक होतं. हे तसंच असणार. बायकोनं तिचं मनगट धरलं. पंचवीस वर्षांत सुनेनं सासूचा हात असा धरल्याची ही एकच नोंद माझ्याकडे आहे. दोघीही क्षणभर चकित झाल्या.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चुकलेल्या गोळ्या चुकल्या. त्या भरून काढायच्या नसतात, दुप्पट घ्यायच्या नसतात. दाब धाडकन खाली जाईल, नाडी बसेल. आत्ता एकही देऊ नका, अम्माजींना घेऊन या. आम्ही गेलो. त्यांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं, गोळी पहिल्यापेक्षा कमी मात्रेनं सुरू केली आणि नाडी, दाब बघत हळूहळू पूर्ववत केली. आईनं या वेळी नकार दिला नाही. घरी आल्यावर ती पहिल्या मजल्यावर सवयीनं कठड्याशी थांबली, आणि थांबायची गरज नाही हे लक्षात आल्यावर थोडी खजील होऊन पुढे चढली.

डॉक्टरांनी तिला घरी सोडताना काही सूचना दिल्या होत्या. गोळी रोज एकाच वेळी. दात काढायचा असो की मोतीबिंदू, त्या डॉक्टरला ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. फार थकवा आला, नाडी फार मंद वाटली, धाप लागली किंवा पायावर सूज आली तर कळवायचं. आणि सकाळी जाग आली की एकदम उभं राहायचं नाही. आधी उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, थोडा वेळ पलंगाच्या काठावर तसंच राहायचं, मग उठायचं. नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते.

बाकीच्या सूचना आम्ही पाळायला लावल्या. ही शेवटची मात्र तिनं आपण होऊन उचलली. आजवर ती जाग येताच ताडकन उठत असे. आता ती पलंगाच्या काठावर पाय सोडून बसू लागली, डोळे मिटून, ओठ हलवत. एकदा चहा घेऊन गेलेल्या बायकोनं विचारलं, चक्कर येतेय का.

“नाय,” आई म्हणाली. “डॉक्टरनं बसायला सांगितलंय ना. तेवढ्यात देवाचं उरकून घेतीय. मग गोळी.”

त्या कार्तिकीला गुरुजी नेहमीप्रमाणे आले. नेम मोडलेला असल्यामुळं उद्यापन नव्हतं, पण आईनं त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू करून ठेवले होते, त्याच स्टीलच्या डब्यात. गुरुजींनी डबा ओळखला. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, एक लाडू फोडून पाहिला, आणि मगच तो उपरण्यात बांधला.